साडेतीन शहाण्यांतील अर्धा : नाटककारांचे शहाणपण आणि खोपोलीचे नाना

अमुक नाटककाराला मानवी स्वभावाची सखोल जाण होती, हे विधान मराठी नाट्यसमीक्षेत इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा पुरावा देण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. पुरावा देण्याची वेळ आलीच, तर नाटकातील चार-सहा चमकदार वाक्ये अवतरणचिन्हांत मांडली जातात आणि ‘यावरून नाटककाराच्या जीवनचिंतनाची खोली लक्षात येते’ असा निर्वाळा देऊन विषय संपवला जातो. पदव्युत्तर वर्गातील टिपणवह्या अशा वाक्यांनी भरलेल्या असतात. कालिदासाची अशी वाक्ये निराळी, गडकऱ्यांची निराळी, शेक्सपिअरची आणखी निराळी. पण ती वेचण्याची रीत एकच. ही रीत नाटक या वाङ्मयप्रकाराच्या मुळावर येणारी आहे, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे.

रीत जुनी आहे आणि तिला प्रतिष्ठाही आहे. संस्कृत नाटकांतील अर्थान्तरन्यासयुक्त श्लोक मूळ प्रसंगातून सुटून सुभाषित म्हणून शतकानुशतके मुखोद्गत राहिले. निर्णयसागर छापखान्याच्या ‘सुभाषितरत्नभाण्डागार’सारख्या संग्रहात नाटकांतील श्लोक आणि नीतिग्रंथांतील श्लोक शेजारी शेजारी बसतात, कोणता श्लोक नायकाचा, कोणता खलपुरुषाचा आणि कोणता कोणाचाच नव्हे, हे वाचकाला कळण्याचा मार्ग राहत नाही. पाठांतरावर उभ्या असलेल्या विद्यापरंपरेत हे होणे स्वाभाविक होते, आणि त्या परंपरेने बरेच काही जतन करून ठेवले हेही खरे. परंतु सुभाषित हे कवीचे असते. नाटकातील वाक्य पात्राचे असते. एवढा एक भेद नजरेआड झाला की नाटककार उपदेशक होऊन बसतो.

‘हॅम्लेट’मधील पोलोनिअसचा आपल्या मुलाला केलेला उपदेश हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. व्यवहारज्ञानाचा नमुना म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो उतरला. आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून (१८८३) मराठी वाचकाला हे नाटक परिचित आहे. त्यात पुढे काय घडते? मुलाला प्रामाणिकपणाचे धडे देणारा हाच बाप त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी पॅरिसला माणूस धाडतो. ‘ऑथेल्लो’मधील इयागो तर याहून निर्ढावलेला. कॅशिओचे सांत्वन करताना नावलौकिक ही पोकळ गोष्ट आहे असे तो सांगतो, आणि थोड्याच वेळाने ऑथेल्लोच्या मनात विष कालवताना नावलौकिकासारखे दुसरे धन नाही असे गंभीरपणे बजावतो. दुसरे विधान संग्रहात गेले. पहिले मागे राहिले. नाटककाराचे मनुष्यज्ञान या दोहोंपैकी कोणत्याच विधानात नाही. समोरच्या माणसाची दुखरी जागा पाहून सत्य कसे घडवले जाते, हे त्याने दाखवले, त्यात ते आहे. देवलांनी ‘झुंजारराव’ (१८९०) लिहिताना हे मर्म नेमके ओळखले होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण शूद्रकाने देऊन ठेवले आहे. ‘मृच्छकटिक’मधील शकार पुराणकथांची खिचडी करून बोलतो म्हणून प्रेक्षक हसतात; परंतु त्याचा दास स्थावरक याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष पुरेसे जात नाही. वसंतसेनेला मारण्याची आज्ञा होताच परलोकाचे भय सांगून हा नकार देतो. नाटकातील सर्वांत स्वच्छ विवेक त्याच्या तोंडी आहे. पुढे वधासाठी नेल्या जाणाऱ्या चारुदत्ताला वाचवण्यासाठी तो साखळीसह उडी टाकून येतो, खरे सांगतो. आणि शकार त्याला चोरीबद्दल शिक्षा झालेला दास ठरवताच त्याचे म्हणणे वाऱ्यावर जाते. शहाणपण खरे असून भागत नाही, ते कोणाच्या तोंडून निघाले यावर त्याची किंमत ठरते, हा शूद्रकाचा मनुष्यस्वभावाविषयीचा खरा अभिप्राय. तो एका श्लोकात सापडणार नाही. देवलांच्या १८८७ च्या मराठी रूपांतरातून हे नाटक संगीत रंगभूमीवर गाजले, परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात पदे राहिली, स्थावरक राहिला नाही.

गडकऱ्यांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गंभीर होतो, कारण त्यांचे वाक्य मुळातच टाळी घेणारे. त्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘एकच प्याला’त सर्वांत विनोदी, सर्वांत तर्कशुद्ध आणि सर्वांत चटकदार बोलणारे पात्र तळीराम आहे. मद्यपानाचे त्याने केलेले समर्थन आणि आर्यमदिरामंडळाच्या सभांमधील वादविवाद यांवर पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक मनमुराद हसले. या विनोदाला समीक्षकांनी नाटकातील ‘विरंगुळा’ म्हटले. विरंगुळा हा शब्द येथे अपुरा आहे. सनद तात्पुरती रद्द झाल्याने अपमानित झालेल्या सुधाकरापुढे पहिला प्याला करणारा माणूस तळीरामच आहे. म्हणजे ज्या विनोदाला प्रेक्षक टाळी देतो तोच विनोद सुधाकराच्या घरात शिरून सिंधूचा संसार मोडतो. गडकरी प्रेक्षकालाच तळीरामाच्या मंडळाचा सभासद करून घेतात आणि मग पाचव्या अंकापर्यंत त्याला सोडत नाहीत. दुसरीकडे सदुपदेशाचा मक्ता ज्याच्याकडे आहे त्या रामलालला शरदविषयीच्या स्वतःच्या मनातील विकाराचा शोध लागतो तेव्हा त्याच्या आधीच्या सगळ्या बोलण्याचा रंग बदलतो. उपदेश करणाऱ्याला विकार आहे आणि विकार पेरणाऱ्याकडे बुद्धी आहे. ‘विचारधन’ या नावाखाली या दोघांची वाक्ये एका पानावर छापली, तर गडकऱ्यांचे सगळे कष्ट वाया गेले असे समजावे.

‘संशयकल्लोळ’विषयी (१९१६) येथे एवढेच. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, दोघांनी जे पाहिले ते खरोखरच पाहिले आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या गोष्टींतून माणूस संपूर्ण खोटा निष्कर्ष काढतो, आणि तोही मोठ्या समाधानाने. मर्फीच्या इंग्रजी नाटकामागून मोलिएरपर्यंत पोहोचणारी ही कल्पना देवलांच्या हातात अस्सल मराठी घरातली झाली, याचे कारण सुभाषिते नव्हेत.

नाटककाराचे मनुष्यज्ञान वाक्यात नसून वाक्य आणि वर्तन यांतील अंतरात असते, हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी एक उदाहरण विशेष सोयीचे आहे. एकच माणूस इतिहासात आहे, स्वतःच्या लेखणीतून बोलतो आहे आणि दोन मोठ्या मराठी नाटकांतही उभा आहे. त्याची एक खूण रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी आजही पाहता येते. खोपोलीचा तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे मंदिर ही नाना फडणवीसांची बांधकामे. एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्यांची नोंद आहे. हा मुलूख तेव्हा त्या जिल्ह्यात होता आणि खालापूर हा कर्जतचा पेटा होता. (कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.)

स्थळाची निवड अर्थपूर्ण आहे. कोकणातून देशावर जाणारा प्रवासी, व्यापारी, लमाण, यात्रेकरू घाट चढण्यापूर्वी येथे थांबणार. त्याला पाणी लागणार, सावली लागणार, देवही लागणार. याच वाटेने १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पुण्यावर चालून गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला तह करावा लागला. त्या वेळी पुण्याच्या कारभाराची सूत्रे नानांच्या हाती होती. पुढे १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि घाटमाथ्यापर्यंतचा प्रवास काही वर्षे डोली, मेणे, तट्टे यांवर चालू राहिला. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पुरा झाल्यावर मुख्य वाहतूक कर्जतवरून वर चढू लागली. मराठी रंगभूमीचा इतिहास पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांवरून लिहिला जातो. पण किर्लोस्करांपासून गंधर्वांपर्यंत या दोन शहरांत ये-जा करणाऱ्या मंडळींचे पेटारे कर्जतला गाडीला मागून इंजिन लागेपर्यंत थांबत होते, याची आठवण ठेवायला हरकत नाही. नाटक मंडळ्या या भागातून गेल्या. नाना मात्र येथे तलावाच्या रूपाने थांबले.

लोकपरंपरेने पेशवाईतील साडेतीन शहाणे मोजले. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना अर्धे. कारण मुत्सद्देगिरी त्यांच्याकडे होती, तलवार नव्हती. या अर्ध्याच्या हिशेबात लोकांनी जी बुद्धी दाखवली, ती कोणत्याही चरित्रकाराला हेवा वाटावा अशी आहे. शहाणपणालाही अपूर्णांक असतो हे लोकांना ठाऊक होते.

नानांना स्वतःलाही ते ठाऊक होते. त्यांनी लिहिलेले छोटेखानी आत्मवृत्त पानिपतपर्यंतच्या आयुष्याचे आहे, आणि जॉन ब्रिग्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते इंग्रजीत नेले. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल प्रामुख्याने भाषेसाठी घेतली. त्यातील धाडस मात्र भाषेपलीकडचे आहे. देवपूजेची लहानपणापासूनची ओढ जेथे सांगितली आहे, तेथेच कोवळ्या वयात मनात उठलेल्या कामविकाराचीही कबुली आहे. आणि पानिपतावरून जीव घेऊन निघाल्याची हकीकत वीररसाचा कोणताही मुलामा न देता लिहिलेली आहे. आई त्या धामधुमीत हरपली. ज्या प्रसंगातून त्यांच्या नावामागे ‘अर्धा’ लागला असे म्हणता येईल, तो प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला. अठराव्या शतकातील एका राजकारणी पुरुषाने स्वतःच्या भीतीविषयी आणि वासनेविषयी इतके उघड लिहावे, ही गोष्ट पुढच्या दीडशे वर्षांतील चरित्रकारांना पेलली नाही. वासुदेवशास्त्री खरे यांचे १८९२ चे नानांचे चरित्र साक्षेपाने लिहिलेले आहे, आजही उपयुक्त आहे. पण त्याचा कल कर्तृत्वाकडे असणे कालमानानुसार अपरिहार्य होते.

खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ लिहिले ते त्याच सुमारास, १८९३ मध्ये. शनिवारवाड्यात ऑक्टोबर १७९५ मध्ये घडलेल्या घटनेला त्यांनी शेक्सपिअरी शोकांतिकेचा साचा दिला; पेशव्यांत हॅम्लेटचा संशयी, विदीर्ण स्वभाव आणि केशवशास्त्र्यात इयागोची कारस्थानी बुद्धी समीक्षकांनी फार पूर्वीच दाखवून दिली आहे. नानांकडे मात्र साच्याबाहेरचे पात्र म्हणून पाहावे लागते, कारण त्यांचा पूर्वज शेक्सपिअरमध्ये नाही. खाडिलकरांचे नाना राज्याच्या काळजीने वाकलेले, धीरगंभीर, आदरणीय असे आहेत. सगळ्या हिंदुस्थानच्या बातम्या राखणारा हा मुत्सद्दी आपल्याच धन्याच्या मनात कोणते विष उतरते आहे ते वेळेवर ओळखू शकत नाही. खाडिलकरांनी नानांविषयी एकही अनादराचा शब्द न वापरता हे दाखवले, आणि येथे त्यांचे मनुष्यज्ञान त्यांच्या राष्ट्रभक्तीपेक्षा मोठे ठरले. दक्षता ही ज्याची कीर्ती, त्याच्या दक्षतेला भगदाड जवळच्या माणसापाशी पडते. या नाटकातील राजनीतीपर संवाद वेचून ‘खाडिलकरांचे राजकीय चिंतन’ असा निबंध लिहिणारे विद्यार्थी नानांच्या बोलण्यातील तेज टिपतात आणि त्यांचे अपयश वगळतात. निबंध सुबक होतो.

तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ प्रथम १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात, जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली झाले. येथील नाना लंपट आहेत, धूर्त आहेत आणि विलक्षण मजेदार आहेत. घाशीरामाची मुलगी भोगण्यासाठी ते त्याला कोतवाली देतात, आणि देताना मनाशी जो हिशेब करतात तो शुद्ध मुत्सद्देगिरीचा नमुना आहे: पापे घाशीरामाच्या खात्यावर, लाभ आपल्या. राजनीतिशास्त्राच्या सुभाषितसंग्रहात तो सहज शोभेल. लोकांचा क्षोभ झाल्यावर हेच नाना घाशीरामाला जमावाच्या हाती देतात आणि त्यावर उत्सव जाहीर करतात. प्रेक्षक या नानांना हसतो, त्यांच्या चातुर्याला दाद देतो, आणि शेवटी आपण नेमकी कशाला दाद दिली हा प्रश्न त्याच्यापुढे उरतो. तळीरामाच्या बाबतीत घडलेलेच येथे पुन्हा घडते; तळीरामाच्या हाती फक्त प्याला होता, यांच्या हाती शिक्का आहे.

नाटकाविरुद्ध उठलेले वादळ परिचित आहे. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते थांबवले, आणि थिएटर अकॅडमीच्या स्थापनेनंतर १९७४ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. आक्षेप दोन होते: ब्राह्मण समाजाची बदनामी आणि एका थोर मुत्सद्द्याचे विटंबन. पहिल्याची चर्चा बरीच झाली आहे. दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इतिहासाच्या न्यायासनासमोर पाहता तेंडुलकरांनी नानांवर अन्याय केला आहे, हे मान्यच करावे लागेल. घाशीराम सावळदास १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता, १७९१ मध्ये कोंडलेल्या तैलंगी ब्राह्मणांच्या गुदमरून झालेल्या मृत्यूंनंतर त्याला दगडांनी ठेचून मारले गेले, हे खरे. मुलीचा सौदा हे नाटककाराचे कल्पित. हे ऐतिहासिक नाटक नाही, असे तेंडुलकरांनी स्वतः बजावले होते, पण खरी नावे घेतल्यावर तेवढ्या बजावणीने सुटका होत नाही. आत्मवृत्तातील तरुणाची व्याकूळ कबुली आणि नाटकातील वृद्धाचा निलाजरा भोग यांत फार अंतर आहे, आणि एकाचा आधार दुसऱ्याला देता येणार नाही.

तरीही आक्षेपकांच्या भूमिकेत एक विसंगती राहतेच. नाना विकारवश होते असे म्हणणे हीच विटंबना, असा त्यांचा सूर होता. आणि विकारवशतेची पहिली लेखी साक्ष स्वतः नानांची आहे. ज्यांचा मान राखण्यासाठी आंदोलन झाले, त्यांनी आपली सुभाषितवजा प्रतिमा राखण्याची काळजी स्वतः घेतली नव्हती. त्यांच्या भक्तांना पूर्ण शहाणा हवा होता. लोकपरंपरेने अर्धा दिला होता, खाडिलकरांनी तो अर्धा शोकात्म करून दाखवला, तेंडुलकरांनी उरलेला अर्धा शहाणपणाच्या विरुद्ध उभा केला. तिघांपैकी तेंडुलकरांची मांडणी सर्वांत एकांगी आहे आणि रंगभूमीवर ती सर्वांत परिणामकारक ठरली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. समीक्षेने त्यांपैकी एक निवडण्याचा हट्ट सोडला पाहिजे. खाडिलकरांचे नाना आणि तेंडुलकरांचे नाना एकाच तासिकेत, आत्मवृत्ताच्या शेजारी ठेवून शिकवले जात नाहीत. पहिले ‘ऐतिहासिक नाटक’ या प्रकरणात जातात, दुसरे ‘प्रयोगशील नाटक’ या प्रकरणात, आणि आत्मवृत्त ‘बखर व तत्सम गद्य’ यात. माणूस तीन प्रकरणांत विभागला गेल्यावर त्याचा स्वभाव कोणत्या प्रकरणात शोधायचा?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. गावच्या उत्सवातील हौशी नाटके त्यांनी पाहिलेली असतात. खलनायकाचे काम करणारा माणूस दिवसा कोणत्या दुकानात बसतो हेही त्यांना माहीत असते. वाक्य आणि बोलणारा यांतील अंतर त्यांना शिकवावे लागत नाही, वर्गात आल्यावर ते विसरायला मात्र लावले जाते. खोपोलीचा तलाव त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. त्याच्या पायऱ्यांवर बसून नानांचे आत्मवृत्त वाचण्यास एक दुपार पुरते. तलाव खोदवणारा माणूस धर्मशील होता की धोरणी होता, घाटाखाली पाण्याची सोय करण्यात पुण्य किती आणि व्यापारी वाटेची काळजी किती, याचे उत्तर दगड देत नाहीत; पण हा प्रश्न विचारता येतो हे ज्याला कळले, त्याला ‘मुद्राराक्षस’मधील चाणक्यही निराळा दिसेल.

अभ्यासक्रमात मोठे फेरफार न करताही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. ‘नाटककाराच्या स्वभावचित्रणकौशल्याची चर्चा करा’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा आणि जुना ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ हा प्रकार पदव्युत्तर पातळीवर, वेगळ्या अपेक्षेने, परत आणावा. एक वाक्य द्यावे. ते कोणी म्हटले, कोणाला म्हटले, त्या क्षणी बोलणाऱ्याला काय मिळवायचे किंवा दडवायचे होते, आणि पुढच्या अंकात तो स्वतः त्या वाक्याप्रमाणे वागला की नाही, एवढे विचारावे. तळीराम, पोलोनिअस, स्थावरक आणि दोन्ही नाना यांच्यापासून सुरुवात करता येईल. उत्तर दोन पानांपेक्षा मोठे नसावे, आणि ‘जीवनचिंतन’ हा शब्द वापरल्यास गुण कापावेत.